सोमवारची नोंद

"हा तुकडा बघा, ताई. सगळ्या आलेखात इतका देखणा तुकडा दुसरा नाही."

धाकट्या मॅडमनी प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावरची बीकरं कोपराने बाजूला सारली होती आणि मीटरभर लांबीचा कागद पसरला होता. सकाळच्या बॅचने रेझिन बनवले होते. दर वर्षीप्रमाणे एका शहाण्याने ढवळायचा काचेचा दांडा बीकरमध्येच विसरून ठेवला होता आणि आता तो गुलाबी गोळ्यात असा घट्ट रुतला होता, की बीकर गेले, दांडाही गेला. सहायक सोमवारताई तो गोळा हातात धरून उभ्या होत्या. मॅडमनी बोलावले म्हणून तशाच पुढे झाल्या.

कागदावर डावीकडून उजवीकडे एक निळी रेघ चढत गेली होती. जवळून पाहिले की कळे, ती रेघ नव्हे, टिंबे आहेत. तेराशे बावन्न टिंबे. नवशिक्या हाताने घातलेल्या टाक्यांसारखी खाली-वर, खाली-वर. फक्त डाव्या अंगाला एके ठिकाणी सतरा टिंबे फूटपट्टी लावून मारल्यासारखी सरळ होती, आणि मॅडमचे बोट नेमके तिथे होते.

"सातव्या वर्षातले सतरा आठवडे. तापमान बघा. सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस! खोली ना तापली, ना गार झाली. त्यामुळे टांगलेल्या पट्टीचं खरं वागणं कळतं. आठवड्याला दोन शतांश मिलिमीटर, ना कमी, ना जास्त. संशोधनाच्या पेपरचा सगळा डोलारा मी यावर उभा केलाय."

"हो का," ताई म्हणाल्या.

"आणि पेपरवर दोन नावं असणार. माझं आणि तुमचं."

"माझं कशाला, मॅडम?"

"कशाला काय? सव्वीस वर्षं सोमवार न् सोमवार नोंद घेतली ती कुणी? मी तेव्हा शाळेत पण जात नव्हते. तुम्ही गप्प बसा हो, नाव येणार म्हणजे येणार."

दुसरी कोणी असती तर हरखून गेली असती. ताई मात्र कागदापासून मागे सरल्या. कारण ती सतरा टिंबे पट्टीची नव्हती. ती ताईंनी स्वतः, याच टेबलाशी बसून, पाव तासात तयार केली होती. हे जगात त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते.

*

ही पट्टी म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर, खिडकीपासून दूर, एक लोखंडी पकड आहे. तिला दुधी रंगाच्या प्लास्टिकची बोटभर रुंद पट्टी टांगलेली आहे आणि पट्टीच्या खालच्या टोकाला पाच किलोचे वजन. पट्टीवर दोन बारीक खुणा. टांगली त्या दिवशी दोन खुणांमधले अंतर बरोबर पाचशे मिलिमीटर होते.

टांगली मोठ्या सरांनी. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते घन पदार्थ आणि पॉलिमर शिकवीत. अभियंता व्हायला आलेल्या मुलांना रसायनशास्त्र म्हणजे वाटेतला खड्डा वाटतो. कसाबसा ओलांडायचा आणि मागे वळून पाहायचे नाही. मोठे सर त्यांना घरातल्या दोरीपासून धरीत. "कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी बांधलीत. पहिल्या दिवशी ताठ. महिन्याने बघता तर कपडे जमिनीला टेकलेले. दोरी तीच, कपडे तेच. मग झालं काय?"

"कपडे जड झाले, सर!" मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास ओरडे.

हशा ओसरला की सर सांगत, की प्लास्टिकच्या आत लांबच लांब साखळ्या असतात, गुंतलेल्या दोऱ्यांसारख्या. वजन लागले की त्या एकमेकींवरून सरकतात. मुंगीच्या पावलाने, पण सरकतात. याला क्रीप म्हणतात. लोखंड ताणले की किती ताणले ते लगेच सांगते. प्लास्टिक सांगायला वर्षे लावते. "आणि तेवढी वर्षं बघत बसायला कुणाला वेळ असतो? म्हणून आपण बघायचं."

बघायचे, असे म्हणाले सर. बघण्याचे काम आले प्रयोगशाळा सहायकाकडे. ताई तेव्हा नव्या होत्या. दर सोमवारी साडेनऊ वाजता स्टँडवर सरकणारा मायक्रोस्कोप वरच्या खुणेला लावायचा, मग खालच्या खुणेला, अंतर शतांश मिलिमीटरपर्यंत वाचायचे, तापमान पाहायचे आणि रजिस्टरात लिहायचे. सरांनी एकच अट घातली होती: सोमवार चुकवायचा नाही. ताईंनी एरवी कधी चुकवला नाही. सुट्टीचा सोमवार असला तर पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन येत. एकशे दोन ताप असताना आल्या. लेकीच्या लग्नानंतरच्या सोमवारी हातावरची मेंदी घेऊन आल्या. पोरांनी नाव ठेवले सोमवारताई, आणि ते असे चिकटले की हजेरीपत्रकावरचे खरे नाव वाचून नव्या लिपिकाने एकदा विचारले होते, "या कोण?"

घरीही या पट्टीला नाव होते. ताईंचा नवरा लेथवर काम करायचा. मिस्कील माणूस. तो पट्टीला म्हणे, तुझी सवत. "मला भेटायला एवढी वेळेवर कधी आली नाहीस. सवतीला मात्र साडेनऊ म्हणजे साडेनऊ!"

"ती कुरकुर करत नाही," ताई म्हणत. "वजन घेऊन गप्प उभी असते."

सातव्या वर्षी त्याची छाती धरली. आधी खोकला, मग श्वास, मग इस्पितळ. ताईंनी रजा टाकली. मोठे सर त्या वर्षी परदेशी होते. इस्पितळ कॉलेजपासून वीस मिनिटांवर. पहिल्या सोमवारी नऊ वाजता नवरा उशीवरून म्हणाला, "अगं, आज सोमवार. जा की. सवत वाट बघत असेल."

"असू दे."

"अर्ध्या तासाचं तर काम."

"गप्प पडा बघू. बोलू नका, दम लागतो."

पुढच्या सोमवारीही तो म्हणाला. त्याच्या पुढच्याही. सहाव्या-सातव्या सोमवारनंतर म्हणायचा थांबला. त्याला वारांचा हिशेब राहिला नव्हता. पण श्वास अडकला की तो डोळे उघडून ताई कुठे आहेत ते शोधायचा, आणि त्या दिसल्या की डोळे मिटायचा. अशा माणसाला सोडून वीस मिनिटे जायचे, अर्धा तास थांबायचे, वीस मिनिटे परत यायचे, हे ताईंना जमले नाही. अकराव्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, तो गेला. नंतरचे सहा आठवडे ताई घरात बसून होत्या.

कामावर परतल्या तो सोमवार होता. कुलूप उघडले, तर पट्टी होती तशी उभी. कुणी तिच्याकडे बघितले नव्हते. वजन झाडले, मायक्रोस्कोप लावला. पाचशे एकेचाळीस पूर्णांक सहासष्ट. तापमान सत्तावीस. रजिस्टर उघडले. शेवटची नोंद पाचशे एकेचाळीस पूर्णांक तीस, तापमान सत्तावीस. त्यानंतर सतरा आठवडे काही नाही.

त्या रिकाम्या ओळी ताईंना बघवेनात. मोठे सर आठ दिवसांत परतणार होते. ते विचारणार, बाकीचे विचारणार, मुले विचारणार, की ताई, इथे काय झालं? आणि मग पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगायचे. सहा आठवडे दारात येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगून त्यांचे तोंड दुखले होते. आता भिंतीनेसुद्धा विचारू नये असे वाटत होते. त्यांनी पेन्सिल घेतली. सहासष्टातून तीस गेले छत्तीस. मध्ये अंतरे अठरा. छत्तीस भागिले अठरा, दोन. भागाकारही असा बिनबाकीचा, की मोह घालायलाच बसला होता. बत्तीस, चौतीस, छत्तीस, अडतीस. समोर सगळीकडे सत्तावीस. पुढच्या पाव तासात ओळी भरल्या, आणि ताईंनी त्यावर शाई फिरवली.

मोठ्या सरांनी आल्यावर आधी नवऱ्याबद्दल विचारले, मग रजिस्टर चाळले. त्या पानावर थांबले. चष्मा काढला. "अशा दिवसांतही सोमवार चुकवला नाहीत?"

ताईंनी मान हलवली. सरांनी पानाखाली सही केली आणि वर एक शब्द लिहिला: शाब्बास. पुढे सर निवृत्त झाले, वारले. तो शब्द रजिस्टरात तसाच राहिला आणि दर वेळी पाने उलटताना ताई ते पान घाईने उलटीत.

*

"निवृत्तीला अकरा आठवडे राहिलेत तुझ्या," लेक म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बैस."

लेक चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचे काम करी. दर सहा महिन्यांनी आईचे डोळे तीच तपासायची. ताईंनी तिला त्या संध्याकाळी सगळे सांगितले होते, म्हणजे आकडे बनवल्याचे. का बनवले, ते सांगितले नव्हते. आमटीला फोडणी देता देता असले काही सांगता येत नाही.

"आणि मॅडमचं काय? त्या बिचारीनं सगळं त्याच्यावर उभं केलंय."

"कोसळेल तेव्हा कोसळेल. तू तोंड उघडलंस तर आजच कोसळेल. आणि वर काय म्हणतील माहितेय? सतरा खोटे लिहिले, तर बाकीचे कशावरून खरे? एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो, आई. तुझी सव्वीस वर्षं जातील त्यात."

लेक जे म्हणत होती त्याचीच तर ताईंना भीती होती. खोट्या सतरांची लाज होतीच, पण तिच्याबरोबर त्या एकोणीस वर्षे राहिल्या होत्या, सवय झाली होती. भीती होती ती खऱ्या तेराशे पस्तीसांची. आयुष्यात दुसरे काही असे नव्हते, ज्यावर बोट ठेवून म्हणता यावे, हे मी केले.

तरी दोनदा प्रयत्न केला. एकदा मॅडमच्या खोलीपर्यंत गेल्या, तर मॅडम फोनवर आईला पेपरबद्दल सांगत होत्या. आवाजात लहान मुलीसारखा आनंद. ताई दारातून परतल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "मॅडम, ते सातव्या वर्षाचे आकडे जरा परत बघायला हवेत."

"तीनदा बघितले, ताई. तुम्ही काळजी नका करू."

*

तीन आठवडे असेच गेले. मग एका बुधवारी ताई चाचणीचे नमुने भरलेला खोका घेऊन वर्गाच्या दारात उभ्या होत्या. मॅडमनी फळ्यावर ते सतरा आकडे लिहिले होते आणि मुलांना सांगितले होते, पट्टी किती वेगाने लांबते ते काढा. साठ मुलांनी गणित केले. साठांचे उत्तर एकच आले. मॅडमचा चेहरा खुलला.

"बघा, प्रत्यक्षातला डेटा इतका स्वच्छ क्वचितच मिळतो. या आपल्या ताईंची मेहनत आहे ही."

पोरांनी मागे वळून टाळ्या वाजवल्या. ताईंना खोका जड झाला.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ही मुलगी जर्नल कधी वेळेवर देत नसे आणि प्रश्न विचारल्याशिवाय कधी राहत नसे. "मॅडम, याच्या तारखा आहेत का?"

"आहेत की, रजिस्टरमध्ये. का गं?"

"नाही, सतरा आठवडे म्हणजे चार महिने होतात. चार महिन्यांत ऋतू बदलला नाही?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. पण रजिस्टर टेबलावरच होते. त्यांनी ते उघडले. आलेख काढताना त्यांनी आठवड्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक दिले होते. तारखांकडे बघायचे कारणच पडले नव्हते. आता बोट तारखांवरून खाली सरकू लागले. पहिल्या चार-पाच ओळींना मॅडम हसतच होत्या. मग बोट थांबले. ते चार महिने म्हणजे अख्खा उन्हाळा होता.

"ताई," मॅडमनी दाराकडे बघितले, "तेव्हा लॅबला एसी होता का? असणारच."

मॅडमनी वाट करून दिली होती. नुसती मान हलवायची. ताईंनी एकदा अशी मान हलवली होती आणि ती एकोणीस वर्षे पुरली होती. आता साठ जोडी डोळे त्यांच्याकडे लागले होते आणि फळ्यावर ते आकडे होते, बत्तीस, चौतीस, छत्तीस. आता हीच पोरे ते वहीत उतरवून घेणार, परीक्षेत लिहिणार, आणि उद्या कुठल्या पुलाच्या नाहीतर नळाच्या कामात असेच काहीतरी धरून चालणार. त्यांनी खोका खाली ठेवला.

"नाही. एसी नव्हता. ते आकडे मी बनवलेत."

"बनवलेत म्हणजे?"

"म्हणजे मी आलेच नव्हते, मॅडम. सतरा आठवडे. नंतर बसून भागाकार केला आणि लिहिले."

दुसऱ्या बाकावरची मुलगी रडवेली झाली होती, जणू चूक तिचीच झाली होती. ताई तिला म्हणाल्या, "बरोबर विचारलंस तू. बस खाली."

*

विभागप्रमुख शांत माणूस. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पाणी मागवले आणि म्हणाले, "हे लेखी द्या."

ताईंनी तिथेच लिहून दिले. सहा ओळी झाल्या.

"आता बाकीच्या तेराशे पस्तीस नोंदी राहिल्या," विभागप्रमुख म्हणाले. "त्यांचं काय?"

"त्या खऱ्या आहेत, सर."

"असं तुम्ही म्हणता."

"हो, मीच म्हणते. आणि माझ्या म्हणण्याला आता किंमत नाही, तेही कळतं मला. तुम्ही तपासा."

"कसं तपासणार? गेलेला सोमवार परत येतो का?"

मॅडम खिडकीशी पाठ करून उभ्या होत्या. त्या बाहेर पडल्या तेव्हा ताई मागोमाग गेल्या, आणि जिन्याच्या कोपऱ्यात मॅडम एकदम वळल्या.

"तीन आठवडे! तीन आठवडे मी तुमच्यासमोर नाचतेय, हा तुकडा बघा, तो तुकडा बघा. आणि तुम्ही नुसत्या बघत होतात माझ्याकडे."

"सांगणार होते, मॅडम."

"सगळेच सांगणार असतात! मी तुमचं नाव घातलं होतं, ताई." मॅडम एक पायरी खाली उतरल्या. "छापणाऱ्या लोकांना मी पेपर पाठवून बसलेय. आता परत मागवायचा. कारण काय देऊ?"

"माझं नाव द्या. जे झालं ते सांगा."

मॅडम खाली उतरून गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या ताईंशी कामापुरतेच बोलत. ताईंनाही ते बरोबरच वाटे, पण दुपारचा चहा एकटीने घशाखाली उतरत नसे.

विभागप्रमुखांनी मात्र एक गोष्ट केली. ताईंच्या निवृत्तीला आठ सोमवार उरले होते. ते म्हणाले, गेलेले सोमवार तपासता येत नाहीत, पण माणसाची नजर तपासता येते. दर सोमवारी ताई आणि मॅडम, दोघींनी वेगवेगळी नोंद घ्यायची, चिठ्ठीवर लिहायची, एकमेकींना दाखवायची नाही. चिठ्ठ्या ते उघडणार.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ताईंच्या डोळ्यांवर कुणाचा तरी पहारा बसला. पहिल्या सोमवारी ताई आधी वाचून दूर उभ्या राहिल्या, मग मॅडम गेल्या. विभागप्रमुखांनी चिठ्ठ्या उघडल्या. ताईंची होती पाचशे अठ्ठावन्न पूर्णांक एकेचाळीस. मॅडमची, पाचशे अठ्ठावन्न पूर्णांक बावन्न.

"अकरा शतांशांचा फरक," विभागप्रमुख म्हणाले आणि चष्म्यावरून ताईंकडे बघितले. त्या बघण्यात सगळे आले.

क्षणभर ताईंनाही वाटले, आपलेच चुकले असेल. इतकी वर्षे चुकत असेल. मग त्यांनी मायक्रोस्कोपच्या स्क्रूकडे पाहिले आणि हळूच विचारले, "मॅडम, खूण ओलांडून पुढे गेला होतात का? आणि मग स्क्रू मागे फिरवलात?"

मॅडमनी स्क्रू बोटांनी मागे-पुढे फिरवून पाहिला.

"जुना स्क्रू आहे. आटे झिजलेत. मागे फिरवला की आधी नुसताच फिरतो, नळी हलत नाही. खाली जाऊन पुन्हा एकाच बाजूनं वर आणावा लागतो."

मॅडमनी दातांनी ओठ दाबला. पुन्हा लावले. पुन्हा वाचले. या वेळी चिठ्ठीवर लिहायलाही थांबल्या नाहीत. "बेचाळीस," त्या म्हणाल्या.

पुढच्या सात सोमवारी दोघींच्या नोंदींत दोन शतांशांपेक्षा जास्त फरक कधी पडला नाही. तीनदा तर पडलाच नाही. आणि मॅडमनी, कुणी सांगितले नसताना, आणखी एक उद्योग केला होता. एका गुरुवारी दुपारी त्या ताईंच्या टेबलाशी आल्या, उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ऑफिसातून तुमच्या सव्वीस वर्षांच्या रजांच्या नोंदी मिळवल्या. वेधशाळेतून रोजचं तापमान मागवलं. एकेक आठवडा ताडून पाहिला. गरम आठवड्यात टिंब वर, गार आठवड्यात खाली. सगळं जुळतं. ते सतरा सोडून."

"बरं झालं," ताई म्हणाल्या.

"बरं कसलं? ते सतराच कामाचे होते." मॅडम जराशा हसल्या. मग स्टूल ओढून बसल्या. "चहा आहे का शिल्लक?"

पेपर झाला, पण पहिल्यासारखा नाही. ठाम आकडा गेला. त्या जागी 'अमुक ते अमुक यांच्या दरम्यान' असे आले. आणि नाव गेले. छापणाऱ्यांचा नियम होता, ज्याने आकडे बनवल्याचे कबूल केले आहे त्याचे नाव लेखकांत येणार नाही. मॅडमनी दोन पत्रे लिहिली, एकदा फोनवर भांडल्या. शेवटी आभाराच्या ओळीत 'प्रयोगशाळा सहायक' एवढे दोन शब्द बसले.

"बरोबर आहे त्यांचं," ताई म्हणाल्या. वाईट वाटले नाही असे मात्र नव्हे. वाटले, फार वाटले. आपले नाव छापलेले कसे दिसले असते, हे त्यांनी मनात एकदा नव्हे, दहादा पाहून ठेवले होते. त्या रात्री त्यांनी जेवण टाळले आणि लेकीला सांगितले, पोट बरे नाही.

*

शेवटच्या दिवशी लेक न्यायला आली. विभागातला चहा झाला, चार शब्द झाले, पहिल्या वर्षाच्या पोरांनी एक पेन दिले. जर्नल उशिरा देणाऱ्या त्या मुलीने वाकून नमस्कार केला आणि काही न बोलता पळाली. लेक आईचा डबा आणि छत्री पिशवीत भरत प्रयोगशाळेत रेंगाळली. इथे ती लहानपणी आली होती, त्यानंतर आजच. तिने पट्टी पाहिली, वजन पाहिले. शेजारच्या भिंतीवर मॅडमनी नवा आलेख लावला होता, मीटरभर लांब, खाली आठवड्यांचे क्रमांक नाहीत, तारखा.

"ही सगळी तुझी टिंबं?"

"माझीच."

लेक नंबर तपासणारी. तिची नजर बारीक. डावीकडून सुरुवात करून ती रेघेवरून सावकाश सरकत गेली आणि मध्येच थांबली. तिथे रेघ तुटली होती. करंगळी मावेल एवढी जागा कोरी, मग पुन्हा टिंबे सुरू.

"इथे काय झालं? छापायचं राहिलं?"

"नाही. बरोबर छापलंय. त्या आठवड्यांत नोंद नाही."

लेकीने खाली वाकून तारखा वाचल्या. एकदा वाचल्या, पुन्हा वाचल्या. तेव्हा ती बारा वर्षांची होती. त्या तारखा तिलाही पाठ होत्या. तिने आईकडे वळून पाहिले.

"एकही सोमवार आली नव्हतीस?"

"नाही."

"मला वाटायचं, तू जाऊन यायचीस. बाबा सारखे म्हणायचे ना, जा म्हणून."

"म्हणायचे. पण डोळे उघडले की मला शोधायचे. कशी जाणार?" ताईंनी पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. "मी सगळा वेळ त्यांच्यापाशी होते. आणि रजिस्टरात एकोणीस वर्षं लिहिलेलं होतं की मी इथे होते."

लेकीने हातातली पिशवी टेबलावर ठेवली. करंगळी उचलली आणि त्या कोऱ्या जागेवर टेकवली. ती तिथे बरोबर मावली. बाहेर पहारेकरी कुलूप घेऊन उभा होता, पण तिने बोट उचलले नाही, आणि ताईंनीही तिला चल म्हटले नाही.